सशाचे अंथरूण



‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण प्राथमिक वर्गातच शिकवतो आणि परीक्षेत तिचा अर्थही विचारतो. माणसाला ती लागू पडते, कारण माणसाला आपले अंथरूण दिसते आणि जमले तर ते वाढवताही येते. पिंजऱ्यातल्या सशाचे तसे नाही. पाय त्याचे, पण अंथरूण आपण घातलेले. ते चुकीचे घातले तर तो तक्रार करीत नाही, नुसता भोगतो. आपल्या प्राथमिक विभागात गेल्या वर्षी असेच घडले. मुलांमध्ये त्याची बरीच चर्चा झाली, काही पालकांनीही आम्हांला विचारले. म्हणून झाले ते स्पष्ट सांगावे आणि पुढे काय करावे याबद्दल आमचे मत मांडावे, यासाठी हा लेख.

गेल्या वर्षी जूनमध्ये बदली होऊन दुसऱ्या गावी जाणाऱ्या एका पालकांनी आपल्याकडचे दोन ससे शाळेला दिले. दोन्ही माद्या, एकाच वेताच्या बहिणी. मुलांनी पांढरीचे नाव कापशी ठेवले आणि काळ्या ठिपक्यांच्या दुसरीचे मिरी. आम्ही उत्साहाने तारेचा पिंजरा करवून घेतला. तळाला जाळी आणि जाळीखाली पत्र्याचा ट्रे. लेंड्या आणि मूत्र खाली पडायचे, सकाळी ट्रे धुतला की काम झाले. पिंजरा सदैव स्वच्छ दिसायचा. शाळेत येणाऱ्या पाहुण्यांनी कौतुक केले आणि आम्हीही ते कौतुक आनंदाने ऐकून घेतले.

पावसाळ्यात दुसरीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सशांना जाळीवर बसायला त्रास होत असेल, खाली काहीतरी घालू या.” सूचना योग्य होती. आम्ही चिठ्ठी लिहिली: ‘सशांसाठी एक पोते भुसा आणणे.’ इथे आमची पहिली चूक झाली. आमचे घर मराठी, पण पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदीतून झालेले. हिंदीत भूसा म्हणजे मळणीनंतर उरलेला गव्हाच्या काडाचा चुरा, गाई-म्हशींचे खाणे. लाकडाच्या चुऱ्याला हिंदीत बुरादा म्हणतात. आपले शिपाई मामा जळगावकडचे. त्यांच्या मराठीत भुसा म्हणजे आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा. त्यांनी मराठी चिठ्ठी मराठीतच वाचली, त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. लाकडाच्या भुशाचे पोते आले. पिवळसर, मऊ आणि सुवासिक. मुले खूष झाली आणि आम्हीही ‘हेही चालेल’ म्हणून पिंजऱ्यात पुठ्ठा टाकून त्यावर भुसा पसरवला. चालेल की नाही हे कोणालाही विचारले नाही, ही दुसरी चूक.

दोन आठवड्यांत दोघी शिंकू लागल्या, मिरीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. भुसा काढून टाकला आणि पुन्हा उघडी जाळी राहिली. शिंका थांबल्या तेव्हा आम्हांला वाटले, प्रश्न मिटला. ही तिसरी चूक, आणि हीच सर्वांत महाग पडली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा कापशी कोपऱ्यात बसून होती, हलत नव्हती. तिला उचलले तर मागच्या दोन्ही पायांच्या तळव्यांवरचे केस गेलेले, कातडी सुजलेली आणि त्यात जखमा. पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितले की जखम हाडापर्यंत गेली आहे. औषधे झाली, पट्ट्या झाल्या, पण डिसेंबरमध्ये कापशी गेली.

दुसरीतल्या एका मुलीने त्या दिवशी आम्हांला विचारले, “कापशीला टोचत होतं, तर ती ओरडली का नाही?” या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा नीट देता आले नाही. ते आता देतो.

ससा हे भक्ष्य होणारे जनावर आहे. रानात जो दुखणे दाखवतो तो आधी पकडला जातो. त्यामुळे दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच आहे. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते, ससा मात्र गप्प बसतो आणि खाणे कमी करतो. म्हणून त्याच्या बाबतीत ‘काही बोलत नाही म्हणजे बरे असेल’ हा हिशेब चालत नाही. बघण्याचे काम मोठ्यांचे असते आणि ते आम्ही केले नाही. जाळी स्वच्छ दिसत होती, म्हणून तिच्यावर बसलेल्याचे पाय कोणी पाहिलेच नाहीत.

आपल्या मनात सशाची एक कल्पना पक्की बसलेली असते: रानात राहणारा, काटेकुटे तुडवणारा, सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा. त्याला अंथरूण कशाला, असे वाटते. पण मराठीत ससा या एकाच शब्दात दोन प्राणी येतात. आपल्या शेतारानातला ससा वेगळा. तो बीळ करीत नाही, उघड्यावर गवतात दबून बसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित असल्यामुळे पाळताही येत नाही. आपण पाळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, मऊ मातीत बिळे खणून राहणारा. त्याची मादी विण्यापूर्वी स्वतःच्या अंगावरचे केस उपटून बिळात पिल्लांसाठी गादी करते. ज्याच्या जातीला अंथरुणाची एवढी काळजी, त्याला आपण तारेवर बसवतो.

आता एकेक वस्तू पाहू.

प्रथम जाळी. कुत्र्या-मांजरांच्या पंजाखाली मऊ गादी असते. सशाच्या तळव्याला तशी गादी नसते, फक्त दाट केस असतात. घरात किंवा पिंजऱ्यात बसलेल्या सशाचा बराचसा भार मागच्या पायांच्या टाचांवर येतो. तोच भार दिवसभर बारीक तारेवर आला की आधी केस झिजतात, मग कातडी लाल होते, मग फाटते. त्यात मूत्राचा ओलावा मिळाला की जंतू शिरतात. जाळीमुळे पिंजरा स्वच्छ राहतो हे खरे, पण ती सोय साफसफाई करणाऱ्याची आहे, सशाची नाही.

मग लाकडाचा भुसा. ससा फक्त नाकाने श्वास घेतो आणि त्याचे नाक जमिनीलगत असते. त्यामुळे बारीक धूळ थेट आत जाते. शिवाय आरा मशीनवरचा भुसा कोणत्या लाकडाचा, हे पोत्यावर लिहिलेले नसते. पॅकिंगच्या खोक्यांचे चीड म्हणजे पाइन, सुवासिक देवदार, सागवान, प्लायवूड हे सगळे एकत्र असू शकते. ज्या वासावर आम्ही भुललो, तो वास म्हणजे लाकडातील उडणारी तेले. अमेरिकेत १९६७ मध्येच असे दिसून आले होते की सेडार आणि पाइनच्या भुशावर ठेवलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृतात औषधांचे विघटन करणारी विकरे वाढतात, म्हणजे शरीराला त्या वासाशी झगडावे लागते. सागवानाच्या धुळीने तर सुतारांच्याही कातडीला खाज सुटते. प्लायवूडच्या चुऱ्यात डिंकाची रसायने असतात. थोडक्यात, आरा मशीनवरचा भुसा सशासाठी नाही. भट्टीत तापवून दाबलेल्या लाकडाच्या गोळ्या पाकिटात मिळतात, त्यांतील ही तेले बरीचशी निघून गेलेली असतात. त्या लघवीच्या टबात तळाला चालतात, पण ओल्या होऊन त्यांचा चुरा झाला की बदलाव्या लागतात.

आता आमच्या मनातला, म्हणजे गव्हाचा भूसा. चिठ्ठीप्रमाणे तो आला असता तर सगळे ठीक झाले असते, असे आम्ही बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. तेही खरे नाही. थ्रेशरमधून निघालेल्या भुशात भरपूर धूळ असते आणि कुसळे असतात, ती डोळ्यांत आणि नाकात जातात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणतात, इथे ते दुसऱ्याच्या डोळ्यात घालायला आम्हीच निघालो होतो. लांब, न तुटलेले, कोरडे काड मात्र चांगले. भाताचे तूस टोचते आणि त्यातही धूळ असते, म्हणून तेही टाळावे.

मांजरांसाठी मिळणारी मातीची वाळू काही जण आणतात. ओली झाली की तिचा गोळा होतो, कारण ती बेंटोनाइट नावाची माती असते. आपल्याकडे कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. मांजर ती खात नाही, ससा मात्र प्रत्येक वस्तू कुरतडून पाहतो. पोटात गेल्यावरही ती गोळाच करते, आणि सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेली वस्तू पुढेच जायला हवी, नाहीतर आतडे बंद पडते. मक्याच्या कणसाच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांचाही हाच धोका.

गोणपाट आणि जुन्या गोधड्या अनेकांना योग्य वाटतात. गोधडी मऊ आणि सुती असते, सशाला आवडतेही. पण टाके उसवले की दोरे बोटांत अडकतात, कधी पोटात जातात. आतला कापूस तर त्याहून वाईट. गोणपाटाचे तेच, शिवाय त्यात आधी खत होते की औषध, कोण सांगणार? दोरे न सुटणारी साधी सतरंजी विश्रांतीच्या जागी चालेल, पण ससा ती कुरतडत असेल तर लगेच काढावी.

उरले वर्तमानपत्र. इथे मुले आम्हांलाच पकडतात. वर्तमानपत्रात पोहे-जिलेबी बांधू नये असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बजावले आहे, हे इंदूरच्या मुलांना चांगले पाठ आहे. “मग सशाला कसे चालते?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की वर्तमानपत्र खाण्यासाठी नसून ओल शोषण्यासाठी तळाला असते आणि त्यावर गवताचा जाड थर असतो. तरीही जो ससा कागद खात सुटतो त्याला छापील कागद देऊ नये. गुळगुळीत रंगीत मासिकांचा कागद तर कोणालाच नको, तो ओलही शोषत नाही. त्यापेक्षा छापखान्यात उरणारी कोऱ्या कागदाची कात्रणे उत्तम. पिना काढलेले कोरे कागद आणि चिकटपट्टी काढलेले साधे पुठ्ठे आपल्या शाळेत कमी नाहीत.

मग योग्य ते काय? ते फार खर्चाचे नाही. तळ भरीव असावा, गुळगुळीत फरशी नव्हे. लाकडी फळी किंवा घसरणार नाही अशी चटई त्यावर असावी. एका कोपऱ्यात पसरट टब ठेवावा. ससा स्वभावतः एकच कोपरा लघवीसाठी निवडतो. तो त्याला निवडू द्यावा आणि टब तिथे न्यावा. टबात तळाला कागदाची कात्रणे, त्यावर भरपूर वाळलेले गवत. ससे गवत खाता खाता लेंड्या टाकतात, म्हणून खाणे आणि शौच जवळजवळ ठेवले तर सवय लवकर लागते. आपल्याला ते विचित्र वाटते, पण त्यांची पद्धत ती आहे. गवत हे नुसते अंथरूण नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजायला तंतुमय गवतच लागते. वाळवलेली हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा, त्याही चालतात, फक्त फवारणी केलेल्या लॉनवरच्या नकोत. सशाचे अंथरूण तो खाणार हे धरूनच निवडावे, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतील.

ओला भाग रोज काढावा आणि दोन-तीन दिवसांनी टब पूर्ण रिकामा करावा. सशाच्या मूत्रात चुना जास्त असल्याने पांढरे डाग पडतात. ते पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात. मग टब धुऊन उन्हात वाळवावा. फिनाईल मात्र पिंजऱ्याच्या आसपास नको. आपल्या शाळेत सकाळी सगळीकडे फिनाईलचा पोछा फिरतो, तो सशांच्या खोलीपुरता आम्ही बंद केला आहे. डांबराच्या गोळ्याही नकोत. मूत्राचा अमोनिया साचला तर आधी सशाच्या नाकाला झोंबतो, मग आपल्याला कळतो. म्हणजे आपल्याला वास आला तेव्हा उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात गवताला बुरशी लागते. तसे गवत फेकून द्यावे. ओल्या अंथरुणावर माश्या येतात, सशाच्या मळलेल्या केसांत अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात. त्या दिवसांत सशाची मागची बाजू रोज पाहावी. उन्हाळ्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सशाला घाम येत नाही हे ध्यानात ठेवावे. त्या काळात जाड थर एका बाजूलाच ठेवून दुसऱ्या बाजूला बसायला थंड फरशी मोकळी ठेवावी. आणि बाराही महिने, आठवड्यातून एकदा, सशाला नीट आधार देऊन उचलून चारही तळवे पाहावेत. हे करायला एक मिनिट लागते. आम्ही ते एक मिनिट सहा महिन्यांत एकदाही दिले नाही.

काढलेले गवत, कागद आणि लेंड्या यांचे उत्तम खत होते. ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय इंदूरकरांना सांगावी लागत नाही. आपल्या बागेतल्या गुलाबांना आता तेच खत घातले जाते.

आता विश्वस्त मंडळापुढील प्रश्न. मिरी एकटी राहिली आहे. तिच्याबद्दल दोन सूचना आल्या आहेत. एक अशी की प्रवेशद्वाराजवळ मोठा रंगीत जाळीचा पिंजरा बांधून त्यात आणखी सहा-सात ससे ठेवावेत, म्हणजे शाळेची शोभा वाढेल. दुसरी अशी की हा सारा व्याप नको, मिरी कोणाला तरी देऊन टाकावी.

पहिल्या सूचनेला आमचा स्पष्ट विरोध आहे. जनावर शोभेसाठी ठेवले की ते बघणाऱ्याच्या सोयीने ठेवले जाते. आमच्या पहिल्या पिंजऱ्यात नेमके तेच झाले. जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यातला दंड हसू यावे इतका थोडा आहे, पण शाळेने दंड पाहून नियम पाळायचे नसतात.

दुसरी सूचना प्रामाणिक आहे आणि तिच्यामागचे कारण आम्हांला समजते. सुट्ट्यांत कोण पाहणार, हा प्रश्न खोटा नाही. कापशीचे पाय बिघडले ते दिवाळीच्या सुट्टीतच कोणाच्या लक्षात आले नाही. तरीही मिरीला ‘कोणाला तरी’ देणे म्हणजे आमची चूक दुसऱ्याच्या घरी पाठवणे होईल. त्या घरी तारेचा पिंजरा नसेलच, असे कोण म्हणेल?

आमचे मत असे. मिरी शाळेतच राहावी, तळमजल्यावरील हवेशीर खोलीत, भरीव जमिनीवर. पाचवी ते सातवीच्या मुलांची पाळी लावावी आणि प्रत्येक पाळीवर एका शिक्षकांनी सही करावी. सुट्टीच्या दिवसांसाठी पालकांनी नावे द्यावीत. ससा एकटा राहिला की उदास होतो, म्हणून तिला सोबत हवी हे आम्हांला मान्य आहे. पण ही व्यवस्था पूर्ण एक सत्र, सुट्टीसकट, खंड न पडता चालली तरच दुसरा ससा आणावा, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने. नावे आली नाहीत, तर आपण ससे पाळण्यास योग्य नाही हे कबूल करावे आणि ज्या घरी भरीव जमीन, गवत आणि वेळ तिन्ही आहेत असे घर स्वतः पाहून मिरीला तिथे द्यावे. त्यात कमीपणा नाही.

पालकांना एक विनंती. वाढदिवसाला मूल ससा मागते आणि बाजारात तो पिंजऱ्यासकट, भुशासकट मिळतो. लगेच घेऊ नका. आधी गवत कुठून येईल ते शोधा, टब आणा, जागा ठरवा, आणि रोज सकाळी टब कोण काढणार ते मुलाच्या तोंडून वदवून घ्या. पंधरा दिवस मुलाने रिकाम्या टबातले कागद रोज बदलून दाखवले तर मग सशाचा विचार करा. शंका असेल तर पशुवैद्यकांना विचारा. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आमच्या चिठ्ठीवरून तुम्ही हसलात, ते आम्ही ऐकले आहे. हसायला हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा. एका शब्दाचे दोन अर्थ असतात तेव्हा ‘कोणता?’ असे विचारायला हवे होते, आणि ते विचारणे आमचे काम होते, मामांचे नव्हे. आता सशांच्या खोलीच्या दारावर आम्ही यादी लावली आहे: काय चालते आणि काय चालत नाही. ती मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत आहे. ‘भुसा’ हा शब्द तिच्यात कुठेच नाही.

सुट्टीच्या पाळीची वही कार्यालयात ठेवली आहे. पहिले नाव आम्ही लिहिले आहे. पुढची पाने कोरी आहेत.